आई-बाबांना घेऊन जुलैत विल्यम्सबर्ग: उन्हात गाव कसं बघायचं

भारतातून आई-बाबा येतात ते बहुधा मे ते ऑगस्टमध्येच, नातवंडांना सुट्टी असते म्हणून. मग नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं, व्हाइट हाऊस कुंपणाबाहेरून बघून होतं, आणि व्हर्जिनियातलं कुणीतरी विचारतं, "विल्यम्सबर्गला नेलं नाहीत अजून?"

आम्ही तीनदा गेलोय, तिन्ही वेळा जुलैत. पहिल्या वेळी जे जे चुकण्यासारखं होतं ते सगळं चुकलं. डबे भरता भरता निघायला उशीर, वाटेत ट्रॅफिक, पोचलो तेव्हा बारा वाजून गेलेले. पाच माणसांत पाण्याची एक बाटली. दोन तासांनी गव्हर्नर्स पॅलेससमोरच्या हिरवळीवर बाबा मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक. "काही नाही गं, जरा टेकतो," म्हणाले, पण आईच्या तोंडाकडे बघून मला काय ते कळलं. डोक्याला पांढरी टोपी, कमरेला एप्रन, असा अडीचशे वर्षांपूर्वीचा वेश केलेली एक बाई धावत आली. तिनं बाबांना झाडाखाली नेलं आणि घागऱ्यात हात घालून आतल्या खिशातून चक्क वॉकीटॉकी काढला. बाबा तेवढ्यातही हसले.

पुढच्या दोन वेळा शहाणपणानं गेलो. ते शहाणपण इथे मांडतेय.

आधी, हे गाव आहे काय

विल्यम्सबर्ग ही १६९९ ते १७८० या काळात व्हर्जिनियाची राजधानी होती. राजधानी रिचमंडला हलली आणि गाव मागे पडलं. १९२६ पासून गुडविन नावाच्या पाद्र्याच्या ध्यासातून आणि धाकट्या जॉन डी. रॉकफेलरच्या पैशातून ते पुन्हा उभं राहिलं. सुमारे ३०० एकरांत ऐंशीहून जास्त मूळ इमारती आहेत, बाकीच्या जुन्या पायांवर नव्यानं बांधलेल्या. गव्हर्नर्स पॅलेस बघताना पोरं विचारतात, "हे खरं आहे का?" खरं उत्तर असं की मूळ पॅलेस १७८१ मध्ये जळाला, समोर दिसतो तो १९३० च्या दशकातला.

आणि हे म्युझियम काचेच्या कपाटांचं नाही. लोहार खरंच लोखंड तापवतो, शिंपी खरंच शिवतो. म्हणूनच उन्हाचा प्रश्न येतो, कारण सगळं उघड्यावर आणि पायी.

१. मुक्काम करा, एका दिवसात उरकू नका

वॉशिंग्टनपासून अंतर साधारण १५० मैल. कागदावर अडीच-तीन तास, पण उन्हाळ्यातल्या शुक्रवारी समुद्राकडे निघालेल्या गाड्यांमुळे पाच तासही लागतात. सकाळी निघून भर दुपारी पोचायचं म्हणजे दिवसाचा सगळ्यात वाईट भाग पदरात पाडून घ्यायचा. आदल्या संध्याकाळी पोचा आणि हॉटेल जितकं जवळ मिळेल तितकं घ्या. दुपारी खोलीवर परत जाता आलं पाहिजे, सगळी मदार त्यावरच आहे. गाडी चालवायची नसेल तर ॲमट्रॅकची रेल्वे थेट विल्यम्सबर्गला येते आणि स्टेशनवरून जुनं गाव चालत जाण्याइतकं जवळ आहे.

चार जुलैचा मोह मात्र तपासून बघा. त्या दिवशी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वाचन असतं, आतषबाजी असते, आणि गर्दी गणपतीच्या दहाव्या दिवसासारखी. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी टाळेन.

२. तिकिटाचा घोळ समजून घ्या

गावात फिरायला तिकीट लागत नाही. रस्ते सार्वजनिक आहेत, कुणीही चालावं. इमारतींच्या आत आणि कारागिरांच्या दुकानांत जायला तिकीट लागतं. हे माहीत नसल्यानं होतात त्या दोन चुका. काही जण तिकीट न काढता फिरतात, दारं बाहेरून बघतात आणि "काही खास नाही" म्हणत परततात. काही जण आदल्या संध्याकाळी नुसतं रमतगमत फिरायलाही एका दिवसाचं तिकीट काढून बसतात.

एका दिवसाचं आणि अनेक दिवसांचं अशी तिकिटं वेगवेगळी असतात. दर बदलतात, त्यामुळे अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. मी अनेक दिवसांचं घेते. फरक फार नसला तर घ्याच, म्हणजे "पैसे वसूल" करण्यासाठी भर उन्हात आई-बाबांना ओढत फिरवावं लागत नाही.

आणखी तीन गोष्टी:

- सगळी दुकानं रोज उघडी नसतात. विणकाम आज बंद, उद्या चालू, असं असतं. त्या दिवसाचं वेळापत्रक आणि नकाशा आधी बघा.
- ज्या दारापुढे झेंडा लावलेला असेल ती जागा उघडी समजायची. मधल्या काही घरांत खरोखरच माणसं राहतात. आमच्या धाकट्यानं एका घराचं फाटक उघडलं, तर आत आजोबा टोमॅटोला पाणी घालत होते, टी-शर्टवर.
- जेम्सटाउन आणि यॉर्कटाउन ही जवळची ऐतिहासिक ठिकाणं वेगळी, त्यांची तिकिटं वेगळी. त्यातही जेम्सटाउन सेटलमेंट आणि हिस्टॉरिक जेम्सटाउन या दोन निरनिराळ्या जागा आहेत. पहिलीत नव्यानं उभारलेली वस्ती आणि जहाजं, दुसरीत खरी उत्खननाची जागा.

३. पिशवीत काय हवं

- तिकिटं, फोनवर आणि एक छापील प्रतही.
- आई-बाबांच्या पासपोर्टची फोटोप्रत. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत.
- व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते घरीच वाचा, इमर्जन्सी रूमच्या दारात नव्हे.
- चालू औषधांची यादी, औषधाच्या मूळ नावासह. भारतातली ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत.
- माणशी किमान एक लिटर पाणी, आणि बाटली पुन्हा भरून घेण्याची सवय.
- भारतातून आणलेली ओआरएसची पुडकी. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ किती चालेल हे डॉक्टरांना आधीच विचारा. लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच जपा.
- रुंद काठाची टोपी, छत्री आणि एक सुती पंचा. ओला करून मानेवर टाकला की आईच्या शब्दांत "जीवात जीव येतो".
- डासांचं मलम.

कपडे सुती. आईची सिंथेटिक साडी नेसायला सोपी खरी, पण उन्हात ती तव्यासारखी तापते. पायात बूट हवेत. फुटपाथ जुन्या धाटणीच्या विटांचे, वरखाली आहेत, कुठे खडी आहे, आणि रस्त्यावर घोडे चालतात म्हणजे लीदही असतेच.

४. सकाळ: भट्टी आधी, सावली नंतर

बहुतेक जागा नऊच्या सुमाराला उघडतात, पण रस्ते त्याआधीही मोकळेच असतात. सातला बाहेर पडा. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर हा मुख्य रस्ता साधारण एक मैल लांब. एका टोकाला विल्यम अँड मेरी कॉलेज, दुसऱ्या टोकाला कॅपिटॉल, म्हणजे त्या वेळचं विधानभवन. दिवसा त्यावर गाड्यांना बंदी असते. इथले लोक त्याला आद्याक्षरं जुळवून डॉग स्ट्रीट म्हणतात. सकाळी तिथे फक्त पळणारे विद्यार्थी आणि कुत्री फिरवणारे असतात, त्यामुळे बाबांना ते नाव शब्दशः पटलं.

दुकानं उघडली की आगीची कामं पहिल्यांदा बघून घ्या. लोहारशाळा दुपारी बघायची म्हणजे आपणच भाजून निघायचं. सकाळी मात्र तिथून पाय निघत नाही. आम्ही एक खिळा होताना बघितला. गज निखाऱ्यात, शेजारी भाता, गज नारिंगी झाला की ऐरणीवर. चार बाजूंनी ठोकून टोक काढलं, गज अर्धवट तोडला, भोक असलेल्या पट्टीत ते टोक घातलं, उरलेला तुकडा मोडला आणि वरून ठोकून डोकं बसवलं. बाबा मनात घाव मोजत होते. आकडा त्यांनी सांगितला नाही, पण बाहेर आल्यावर म्हणाले, "आपल्या वाड्याच्या दारात असे दोनशे तरी असतील. कधी विचारच केला नव्हता." आम्ही वाईचे. दारातले खिळे आम्ही लहानपणी नुसते मोजायचो.

मुलं असतील तर विटा पाडण्याच्या जागी न्याच. उन्हाळ्यात तिथे माती तुडवायला पाहुण्यांनाही घेतात, चिखलात अनवाणी उतरायचं. अख्ख्या गावात सगळ्यात गार जागा हीच. तुडवलेली माती लाकडी साच्यात, तिथून वाळायला जमिनीवर, आणि भट्टी लागते शरदात. म्हणजे पोरांनी तुडवलेली वीट पोरांना भाजलेली दिसत नाही. जादा कपडे आणि टॉवेल न्या, हे मी दुसऱ्या वेळी शिकले.

साडेअकराला थांबा. राहिलं तर राहू द्या.

५. दुपार: गावाकडची दुपार करा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि सगळ्यात जास्त लोक हाच टाळतात. जुलैत इथे पारा सहज ३२ अंशांपर्यंत जातो. आई-बाबा म्हणतात, "आम्ही चाळीस काढलेत." काढलेत ना, पण घरात, पंख्याखाली, पडदे ओढून, एक ते चार आडवे पडून. त्यात इथली हवा दमट, घाम वाळतच नाही. वाईचं ऊन आणि हे ऊन वेगळं.

तेव्हा साडेअकराला खोलीवर जा. दहीभात खा, ताक प्या, झोपा. दुपारनंतर गडगडाटी पावसाची सर येण्याची शक्यताही असते. वीज कडाडू लागली तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत शिरा.

खोलीवर जायचं नसेलच तर कला संग्रहालय गाठा. एकाच छपराखाली दोन आहेत, एक सजावटीच्या वस्तूंचं, एक लोककलेचं, आणि आत झकास गारवा असतो. तिथेच १७७३ च्या मनोरुग्णालयाची नव्यानं उभारलेली इमारत आहे. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधलं, फक्त मनोरुग्णांसाठी असलेलं ते पहिलं रुग्णालय. आईला कोठड्या बघवल्या नाहीत, हे सांगून ठेवते.

घोडागाडीची फेरी दुपारवर ठेवू नका. तिचं तिकीट वेगळं असतं आणि घोड्यांना त्रास नको म्हणून कडक उन्हात फेऱ्या रद्द होऊ शकतात. घोड्यांना जी सवलत मिळते ती आई-बाबांनाही द्या.

६. बोलायचं कसं

वेशातली माणसं दोन प्रकारची. कारागीर बहुतेक आजचे म्हणून बोलतात. त्यांना काहीही विचारा: हे शिकायला किती वर्षं लागली, उकडत नाही का. उकडण्याचं उत्तर मला दोन-तीन ठिकाणी सारखंच मिळालं. अंगालगत लिननचा सैल सदरा, तो घाम टिपतो, वारा लागला की गार वाटतं. दुसरे असतात ते जेफरसन, पॅट्रिक हेन्री, वॉशिंग्टन अशा त्या काळच्या पुढाऱ्यांच्या भूमिकेतले. ते त्यांच्या काळातून बाहेर येत नाहीत. फोन दाखवून त्यांची परीक्षा घेऊ नका, दहा मिनिटांची मजा जाते. त्यांच्या काळातलं विचारा.

बाबा इतिहासाचे शिक्षक होते. त्यांनी माझ्यामार्फत चहाबद्दल विचारलं. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा, त्यावरचा कर, बॉस्टनला पाठिंबा म्हणून १७७४ मध्ये विल्यम्सबर्गमध्ये भरलेल्या व्हर्जिनियाच्या सभेतल्या प्रतिनिधींनी उपासाचा दिवस ठरवला, गव्हर्नरनं सभाच बरखास्त केली, मग सगळे रॅले टॅव्हर्न नावाच्या खानावळीत जमले, हे सगळं ऐकून बाबा तृप्त झाले. "म्हणजे कंपनी सरकार इथेही होतंच." मे १७७६ मध्ये याच गावात स्वातंत्र्याचा ठराव झाला आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पेशवे आणि कंपनी यांच्यातला पुरंदरचा तह. दोन तारखांमध्ये अडीच महिनेही नाहीत. नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बाबांना हे घरचंच वाटलं.

शिंप्याकडे 'बनियन' नक्की विचारा. त्या काळी उकाड्यात घरात बसताना पुरुष जो सैल झगा घालत त्याला इथे बनियन म्हणत. शब्द आपल्याकडच्या वाण्यावरून निघालेला. तसंच फुलाफुलांच्या छापील कापडाचं 'चिंट्झ' हे इंग्रजी नाव आपल्या 'चीट'च्या घरचं, आणि कॅलिको हे नाव कालिकतवरून. विणकराकडे आईनं कापसाचं एक बोंड मागून घेतलं आणि उभ्या उभ्या तळहातावर फुलवात वळली. तिथल्या विणकर मुलीनं ती पुन्हा करून दाखवायला लावली, मग स्वतः करून बघितली. तिची जमली नाही. आईची त्या दिवसाची आठवण विचारली तर ती हेच सांगते.

मुलांना मात्र एक गोष्ट आपण सांगावी लागते, कारण रंगीत कपड्यांत ती हरवते. स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर या गावात निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यातले बहुतेक गुलाम. श्रीमंतांच्या घरांत मधोमध आरपार बोळ असतो, दोन्हीकडे दारं, उन्हाळ्यात मालक तिथे वाऱ्याला बसायचे, आपल्या ओटीसारखं. स्वयंपाकघर वेगळं, मागे, धग घरात यायला नको म्हणून. त्या स्वयंपाकघरात जुलैत पाच मिनिटं उभं राहा आणि मग विचारा की इथे दिवसभर कोण उभं असायचं. ब्रे स्कूलही बघा. १७६० साली सुरू झालेली, कृष्णवर्णीय मुलांची ही शाळा जवळजवळ विस्मृतीत गेली होती. तिची मूळ इमारत ओळखू आली आणि २०२३ मध्ये ती अख्खी गाडीवर चढवून जुन्या गावात आणली.

७. खाणं

शाकाहारी असाल तर जुन्या धाटणीच्या टॅव्हर्नमध्ये हाल होतात. शेंगदाण्याचं सूप प्रसिद्ध आहे, आईला ऐकून आनंद झाला, पण पारंपरिक कृतीत त्यात कोंबडीचा रस्सा असतो. विचारल्याशिवाय मागवू नका. रॅले टॅव्हर्नच्या मागच्या बेकरीतला आल्याचा केक घ्या. बाकी पोटभर जेवण पश्चिमेकडच्या मर्चंट्स स्क्वेअरमध्ये, आजच्या हॉटेलांत. आम्ही थालीपीठं नेतो.

८. ऊन बाधलं तर

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे: लगेच सावली, कपडे सैल, ओला पंचा, घोटाघोटानं पाणी. वेशातल्या कुणालाही सांगा, मदत बोलावतात. माणूस असंबद्ध बोलू लागला, कोसळला, किंवा अंग भाजतंय आणि भान नाही असं झालं तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि ९११ लावा. "काही नाही गं" यावर विश्वास ठेवू नका. आपल्या आई-बाबांना खर्चाची धास्ती असते, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.

९. संध्याकाळ

साडेचारनंतर पुन्हा बाहेर पडा. पाचला दारं बंद होऊ लागतात, म्हणून शेवटची एकच जागा ठरवा. आम्ही पॅलेसची बाग ठरवतो, कारण तिथे झुडपांचा भूलभुलैया आहे. पोरं आत हरवतात, म्हातारी माणसं बाकावर बसतात. बागेतल्या उंचवट्याच्या पोटात बर्फघर आहे, हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापून तिथे उन्हाळ्यासाठी साठवत. बासरी-ढोलवाल्या पोरांचं संचलन असेल तर वेळ आधी बघून रस्त्याच्या सावलीच्या बाजूला उभे राहा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर उन्हं कलल्यावर कलोनियल पार्कवेनं यॉर्कटाउनला जा. झाडांच्या कमानीतून जाणारा रस्ता, ट्रकना बंदी. ऑक्टोबर १७८१ मध्ये तिथे कॉर्नवॉलिसच्या फौजेनं शस्त्रं ठेवली. तो स्वतः आजारपण सांगून आलाच नाही, हाताखालच्याला पाठवलं. बाबा मैदानाच्या कडेला उभे राहून नातवंडांना सांगत होते, "हाच पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. टिपूवर चालून गेला तेव्हा आपले हरिपंत फडके त्याच्या जोडीला होते." मोठ्या मुलानं विचारलं, "मग आजोबा, आपण हरलेल्याच्या बाजूला होतो?" बाबा उत्तर जुळवत होते तेवढ्यात डास आले आणि सगळे गाडीकडे पळालो. मलम खोलीवर राहिलं होतं.